‘लाँगर’च्या मागचं

‘आता बरं आहे’ असं म्हणायची आमच्या सरांसमोर सोय नव्हती. तुम्ही तापातून उठलेले असायचे, कोणीतरी चौकशी करायचं, आणि तुम्ही आपलं रीत म्हणून म्हणायचे की आता बरं आहे. की झालं. सर चष्म्याच्या वरून बघणार आणि विचारणार, ‘कशापेक्षा?’ उत्तर मिळेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. परवापेक्षा, असं कबूल केलं की मगच पुढची चौकशी. आर्वीच्या बसस्टँडवर एकदा कंडक्टर म्हणाला, काका, मागच्या गाडीनं या, ती जास्त मोकळी आहे. सरांनी त्यालाही सोडलं नाही. तो बिचारा वैतागून म्हणाला, याच्यापेक्षा, अजून कायच्यापेक्षा! सर खूश झाले. वाक्य पूर्ण केलंत म्हणून त्याचे आभार मानले आणि मागच्या गाडीची वाट बघत उभे राहिले. सोबत मी होते, म्हणून मीही उभी राहिले. मागची गाडी पहिलीपेक्षा जास्त भरून आली. सर दांड्याला लोंबकळत म्हणाले की कंडक्टरचा अंदाज चुकला, पण वाक्य बरोबर होतं.

गावात त्यांना ‘पेक्षा सर’ म्हणत. मुलं म्हणत, मुलांचे बाप म्हणत, आणि शाळेच्या संस्थेचे सचिवही पाठीमागे तेच म्हणत. सरांना हे ठाऊक होतं. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

मी त्यांच्याच शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले. माझं गाव आंजी, मोठी आंजी. सुरुवातीला रोज एसटीनं आर्वीला ये-जा केली, मग कंटाळले. सरांच्या घराची वरची खोली रिकामी होती, ती भाड्यानं घेतली. म्हणजे दिवसा शाळेत सर आणि संध्याकाळी घरी पुन्हा सर. मी मुळातच तोंडाची फटकळ. लोक म्हणाले, या दोघांचं महिनाभर जमलं तरी पुष्कळ. पण जमलं, ते काकूंमुळे. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या मला ‘मॅडम’ म्हणत आणि पुढे ‘तू’ लावत. ‘मॅडम, तू जेवली का व?’ ही त्यांची हाक जिन्यातून वर आली की दिवसभराचा राग उतरायचा.

सरांचं हे खूळ कुठून आलं, ते त्यांच्या वर्गात बसल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडच्या मुलांना ‘टु’ लावलेलं क्रियापद येतं. टु रन, टु राइट, टु स्टडी, सगळं पाठ. फास्टर, बेटर, हार्डर हेही येतं. दोन्ही एका वाक्यात घाला म्हटलं की मात्र गाडी घसरते. कारण आपण मराठीत म्हणतो, ‘मला राजूपेक्षा जोरात पळायचं आहे.’ आधी राजू, मग जोर, आणि पळणं सगळ्यात शेवटी. मुलं तेच इंग्रजीत उतरवायची: ‘आय वाँट राजू दॅन फास्टर टु रन.’ दुसरा मास्तर लाल रेघ मारून मोकळा झाला असता. सरांना हे वाक्य फार आवडायचं. दरवर्षी कोणीतरी ते लिहायचंच, आणि दरवर्षी सर ते फळ्यावर घेऊन म्हणायचे, बघा, या पोराला राजूला सोबत घेतल्याशिवाय पळताच येत नाही. मराठीच तशी आहे. ज्याच्याशी तुलना करायची त्याचं नाव आधी घ्यावं लागतं, त्याच्या तोंडावर.

मग इंग्रजीची पाळी यायची. इंग्रजीत आधी टु, मग काम, मग ते काम कसं, आणि राजू शेवटी. टु रन फास्टर दॅन राजू. ‘टु मोर स्टडी’ नाही, ‘टु स्टडी मोर’. काम आधी, मोजमाप मागून. इथपर्यंत कोणीही शिकवेल. सर यापुढे जायचे. राजू शेवटी असतो म्हणून त्याला गाळता येतं, हे त्यांचं दुखणं होतं. टु रन फास्टर, एवढं म्हणायचं आणि तोंड मिटायचं. कोणापेक्षा ते सांगायचंच नाही. त्यांच्या वर्गात हे चालत नसे. ‘बेटर’ लिहिलं आणि ‘दॅन’ नाही, तर त्या वाक्याला शून्य. मी वाद घातला. म्हटलं, सर, पुस्तकात असं चालतं, परीक्षेत चालतं, तुम्ही मुलांचे मार्क काय म्हणून घालवता? ते शांतपणे म्हणाले, ‘व्याकरणाले चालते, मॅडम. मले चालत नाही.’

‘दॅन’च्या पुढे काय येतं यावरही त्यांचा एक मोठा पाठ होता आणि तो बकरीवर होता. ‘शी वाँट्स टु फीड द गोट मोर दॅन हर हजबंड.’ हे वाक्य लिहून ते वर्गाला विचारायचे, बाईला काय करायचं आहे? नवरा बकरीला चारतो, त्याहून जास्त हिला चारायचं आहे? की हिला नवऱ्यापेक्षा बकरीलाच जास्त खाऊ घालायचं आहे? वाक्यातून दोन्ही निघतं. शेवटी ‘डझ’ लावलं तर नवरा चारा घालणारा ठरतो; नाही लावलं तर तोही बकरीशेजारी दावणीला उभा राहू शकतो. मुलं हसून लोटपोट व्हायची. घरच्या शिकवणीत हा पाठ चालला असताना एकदा आतून, भाकरी थापता थापता, काकूंचा आवाज आला होता, ‘बकरी दूध तरी देते.’ सर त्या दिवशी पुढचं शिकवू शकले नाहीत. त्यांना इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

घराची रचनाच तशी होती. पुढच्या खोलीत शिकवणी, मागे स्वयंपाकघर, मध्ये अर्धी भिंत आणि एक पडदा. काकू चौथी शिकलेल्या, इंग्रजीचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. पण लग्न होऊन आल्यापासून रोज संध्याकाळी हे सगळं त्यांच्या कानावरून जात होतं.

सचिवांनी एका उन्हाळ्यात चौकात शाळेच्या प्रवेशाचं मोठं फ्लेक्स लावलं. त्यावर इंग्रजीत तीन ओळी होत्या: ‘टु लर्न बेटर. टु ग्रो फास्टर. टु गो फर्दर.’ सरांनी शेजारच्या पानठेल्यावरून स्टूल मागून घेतलं, वर चढले आणि काळ्या मार्करनं तिन्ही ओळींपुढे ‘दॅन हूम?’ लिहून खाली उतरले. भर दुपारी, सगळ्या चौकासमोर. सचिवांनी बोलावून घेतलं. मी सोबत गेले, कारण सर एकटे गेले तर नोकरीवर पाणी सोडून येतील अशी मला भीती होती. सचिव तापले होते. सर म्हणाले, तुम्ही लिहिलं नाही तरी वाचणारा माणूस मनात वाक्य पूर्ण करतोच, आणि या गावात ते एकाच तऱ्हेनं पूर्ण होतं, जिल्हा परिषदेच्या शाळेपेक्षा. ‘मी थ्या शाळेत शिकलो. तिचं नाव लिहून अपमान करा, मी माझं लिहिलेलं पुसतो.’ सरांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते, म्हणून सचिवांनी प्रकरण वाढवलं नसावं. नाव काही कोणी लिहिलं नाही, आणि फ्लेक्स उन्हाळाभर तसंच राहिलं.

हे सगळं आता सांगताना गमतीचं वाटतं, पण माणूस अवघड होता. आमच्या एका शिक्षकाचे वडील वारले. बरेच दिवस अंथरुणावर होते. आम्ही भेटायला गेलो तेव्हा कोणीतरी म्हणालं, सुटले बिचारे, बरंच झालं म्हणायचं. आणि सरांनी तिथेही विचारलं, ‘कशापेक्षा?’ घरातली बायामाणसं बघतच राहिली. मी त्यांना दंडाला धरून अंगणात आणलं आणि चांगलं झापलं. म्हटलं, वेळकाळ काही असतो की नाही? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाले, ‘मॅडम, थ्या माणसाले जगायचं होतं. मी गेल्या आठवड्यात भेटलो होतो त्याले.’ तरी माझा राग गेला नाही, हेही खरं.

एक गोष्ट मात्र कोणीही मान्य करेल. हा माणूस खोटं बोलत नसे. दाखल्यावर नाही, मस्टरवर नाही, लग्नाच्या आशीर्वादात नाही. एकुलता एक मुलगा पुण्यात कंपनीत होता. शेजारीपाजारी आपल्या पोरांशी त्याची बरोबरी काढायचे तेव्हा सर सरळ सांगायचे, तुमचा पोरगा माझ्या पोरापेक्षा हुशार आहे, माझा तुमच्या पोरापेक्षा कष्टाळू आहे. समोरच्याला यात आनंद मानावा की राग, ते कळत नसे.

निवृत्तीनंतर वर्षभरात काकूंच्या पोटात दुखायला लागलं. आधी त्यांनी ओवा खाल्ला, मग आर्वीच्या डॉक्टरांचं औषध खाल्लं. अंगावरचं मांस उतरत गेलं. त्या डॉक्टरांनी वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. सर वर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, मॅडम, तुम्ही चला, हिला बाईमाणूस सोबत पाहिजे. सगळ्या तपासण्यांना मी गेले. काकूंना एसटीत खिडकी लागायची. आंजी आली की त्या बाहेर बोट दाखवून म्हणायच्या, ‘मॅडम, तुयं गाव,’ जसं काही मला माहीतच नाही.

रिपोर्ट मिळायचे त्या दिवशी आत एक तरुण डॉक्टर होते. दक्षिणेकडचे. मराठी येत नव्हती, हिंदी अडखळत होती. सरांना इंग्रजी येतं हे कळल्यावर त्यांना हायसं वाटलं. त्यांनी खुर्ची सरांकडे वळवली आणि नीट, हळू, समजेल असं सांगितलं. आजार पसरला आहे. ऑपरेशनची वेळ गेली. मग औषधांचं नाव घेतलं आणि म्हणाले, ‘वी कॅन हेल्प हर टु लिव्ह लाँगर.’

सरांनी मान हलवली.

‘काय म्हणते थो?’ काकूंनी विचारलं.

‘औषध घेतलं का बरी होशीन म्हणते,’ सर म्हणाले.

मी सरांकडे बघितलं. ते समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. ज्या माणसानं जन्मभर मुलांना एका शब्दासाठी शून्य दिलं, त्यानं माझ्यादेखत, बायकोच्या तोंडावर, सबंध वाक्यच बदललं होतं. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला त्यांची कीव आली.

काकूंनी डॉक्टरांकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘लाँगर म्हणलं त्यायनं. म्या आयकलं.’

सर कॅलेंडरकडेच बघत राहिले.

‘लाँगरच्या मागचं काऊन नाई सांगितलं तुमी?’

लाँगर म्हणजे काय, ते काकूंना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं पडद्यामागून ऐकून त्यांना एवढंच कळलं होतं की फास्टर, बेटर, हार्डर असला शेवट ज्या शब्दाचा होतो त्याच्यामागे आणखी काहीतरी असतं, आणि ते न सांगणारा माणूस काहीतरी लपवतो. हे त्यांना सरांनीच शिकवलं होतं, न शिकवता.

‘त्याच्या मागं काई नाई,’ सर म्हणाले.

‘तुमीच तं म्हणता, असतेच म्हणून.’ मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘मॅडम, तू विचार.’

मी विचारलं. लाँगर दॅन व्हॉट, डॉक्टर? डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. त्यांनाही ते सोपं गेलं नाही, पण त्यांनी सांगितलं. औषध न घेता जेवढं जगतील, त्याहून काही महिने जास्त. बरं होणं नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा इथे येऊन राहावं लागेल, उलट्या होतील, केस जातील, ताकद राहणार नाही. काही लोक घेतात, काही घेत नाहीत. मी काकूंना शब्दाला शब्द सांगितलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि अशी बाई समोर असताना दुसरं काही सांगता येत नाही.

सगळं ऐकून झाल्यावर काकू म्हणाल्या, ‘बरा पोरगा हाये. सांगितलं त्यानं.’ सर उठून बाहेर गेले होते.

येताना सर एसटीत पुढे, ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. आम्ही दोघी मागे. आंजी आली, गेली. काकूंनी बोट दाखवलं नाही.

संध्याकाळी सर वर आले. आत आले नाहीत, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहिले. म्हणाले, मॅडम, भाषांतर करताना माणूस थोडं सांभाळून घेतो. मी किती फटकळ, ते वर सांगितलंच आहे. मी म्हटलं, ‘सर, तुम्ही सांभाळलं नाही. गाळलं.’ ते तसेच खाली उतरले. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. भाड्याचे पैसे द्यायला गेले की काकूंकडे द्या म्हणायचे.

खाली रोज वाद चालायचा. मला वर ऐकू यायचा, कारण काकू आजारी होत्या तरी त्यांचा आवाज आजारी नव्हता. सरांना औषध सुरू करायचं होतं. ते वर्ध्याला खोली घेऊन राहायला तयार होते, पुण्याला न्यायला तयार होते, नागपूरच्या कोणा वैद्याचंही नाव त्यांच्या तोंडी आलं, आणि याच सरांनी आयुष्यात कधी अंगाऱ्याची चिमूट लावून घेतली नव्हती. काकूंचं एकच म्हणणं होतं.

‘मले जास्त नाई जगाचं. मले घरी जगाचं.’

आणि एकदा हिंगणीला जायचं. हिंगणी त्यांचं माहेर. तिथे भाऊ-भावजय होते. घरामागून बोर धरणाकडे जाणारा रस्ता, पलीकडे जंगल. लहानपणी त्या त्या रस्त्यानं मोहफुलं वेचायला जायच्या. शेवटी सरांनी ऐकलं. ऐकलं म्हणजे, एक दिवस आले आणि काही न बोलता बॅग भरायला बसले. मी वरून बघितलं, तर ते काकूंची लुगडी एकावर एक ठेवत होते आणि पुन्हा काढून पुन्हा ठेवत होते. मग मी खाली गेले आणि बॅग भरून दिली. तेव्हा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले, ‘रविवारी येत जाजा, मॅडम. तिले बरं वाटते.’ कशापेक्षा, ते मी विचारलं नाही. मला बरं वाटलं, एवढं पुरे होतं.

रविवारी मी आर्वीहून वर्धा, वर्ध्याहून सेलू, सेलूहून हिंगणी अशी जायचे. काकू अंगणातल्या खाटेवर पडलेल्या असायच्या. सुरुवातीला उठून बसायच्या, धरणाकडे कोण गेलं, कोण आलं, सांगायच्या. मग उठणं थांबलं. भाऊ, भावजय, शेजारच्या बाया, जो तो येऊन म्हणायचा, आज चांगली दिसून राह्यली, आज तोंडावर तेज हाये. चांगली माणसं होती. प्रेमानंच म्हणायची. आणि सर खाटेच्या पायथ्याशी बसून हे सगळं ऐकायचे. एकदाही त्यांनी कोणाला ‘कशापेक्षा’ असं विचारलं नाही.

मुलाचा फोन रोज यायचा. त्यानं नुकतीच नवी नोकरी धरली होती, सुट्टी मिळणं कठीण होतं. दिवाळीला येतो म्हणायचा. सर त्याला सांगायचे, आई बरी आहे. मी स्वतः ऐकलं. फोन कानाला लावून, पाठमोरे उभे राहून, सपाट आवाजात: बरी आहे, जेवते, तू तुझं काम बघ.

अशाच एका रविवारी मी गेले तेव्हा काकूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता. ‘पोराले आता बोलावलं, अन् मी दिवाळीपर्यंत राह्यली, तं त्याची सुट्टी वाया जाईन, नोकरी जाईन. अन् नाई बोलावलं, अन् मी नसली, तं? मले फक्त येवढं समजाले पाह्यजे व, का किती जवळ आलं. पण मले कोणी खरं सांगत नाई.’ मी म्हटलं, काकू, मी रोज बघत नाही तुम्हाला, मी कसं सांगू? त्यावर त्या म्हणाल्या, ‘तुयं खरं हाये. रोज पाहाणारा एकच माणूस हाये.’ आणि त्यांनी सरांना हाक मारली.

सर आले. भावजय भाकरीचं पीठ मळता मळता उठून दारात आली.

‘इथं बसा,’ काकू म्हणाल्या. ‘अन् मले सांगा. कालच्यापेक्षा आज मी कशी हावो?’

भावजय लगेच म्हणाली की आज तर चांगल्याच दिसून राह्यल्या. काकूंनी तिच्याकडे न बघता हात वर केला, थांब म्हणून. त्या सरांकडेच बघत होत्या. सर खाटेच्या कडेला बसले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि हातातच ठेवला. मला वाटलं, आता पुन्हा भिंतीकडे बघतील. तिथे भिंत नव्हती, सगळं मोकळं अंगण होतं.

‘कालपेक्षा कमी,’ सर म्हणाले.

‘अन् काल?’

‘काल परवापेक्षा कमी होती.’

‘मंग उद्या?’

सरांचा आवाज फुटला. पण त्यांनी सांगितलं. ‘उद्या आजच्यापेक्षा कमी राहीन.’

काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. इतके दिवस त्यांच्या कपाळावर जी आठी होती ती सुटली, आणि त्यांनी सरांचा हात आपल्या पोटावर ओढून घेतला, जिथे दुखायचं तिथे. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, ‘येवढंच पाह्यजे होतं. लावा पोराले फोन.’

तिथे फोनला रेंज रस्त्यावर जाऊनच मिळायची. सर अनवाणीच निघाले. मी चपला घेऊन मागे गेले. मुलानं फोन उचलला तेव्हा सरांनी नेहमीसारखं जेवला का, ऑफिसला सुट्टी का, काहीच विचारलं नाही.

‘मी खोटं बोललो तुयाशी,’ ते म्हणाले. ‘इतके दिवस बोललो. आई बरी नाही. दिवाळीची वाट नको पाहू. आत्ताच निघ.’

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. सर नुसते हो, हो म्हणत होते. फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो कानालाच धरून ठेवला होता. मी चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या.

मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. मी शाळेत रजेचा निरोप देऊन थांबले होते. काकूंनी त्याला ओळखलं, जवळ बसवलं, त्याच्या दाढीवरून हात फिरवला आणि दाढी काऊन वाढवली म्हणून रागावल्या. मग त्या बोलत राहिल्या. लहानपणीचं, हिंगणीचं, त्याच्या पुढे व्हायच्या लग्नाचं, घर कोणत्या बाजूनं गळतं ते. मध्येच झोप लागायची, जाग आली की पुढचं सुरू. सर आत गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. मी म्हटलं, सर, तुम्ही पण जा ना. ते म्हणाले, ‘नाही मॅडम. थो वेळ त्याचा हाये. मी त्याच्यातला खूप खाऊन टाकला.’

तिसऱ्या दिवशी पहाटे काकू गेल्या. मुलाचं डोकं त्यांच्या खाटेवर टेकलेलं होतं.

तेराव्यापर्यंत लोक येत राहिले. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, फार हाल न होता गेल्या, बरं झालं. सर हात जोडायचे. मुलगा कोपऱ्यात बसलेला असायचा, कोणाशी बोलायचा नाही. वडिलांशी तर मुळीच नाही. पुण्याला निघायच्या दिवशी त्यानं बॅग ओट्यावर आणून ठेवली, आणि एसटीची वेळ होत आली तसा वडिलांसमोर येऊन उभा राहिला. मी दारात होते. मला आत जावं असं वाटलं, पण गेले नाही.

‘पप्पा,’ तो म्हणाला, ‘तुम्ही आधी सांगितलं असतं तर?’

सर उठून उभे राहिले. कोणी दुसरा बाप असता तर म्हणाला असता, माझ्या मनात नव्हतं रे, तुझ्याच नोकरीसाठी, तिच्याच जिवासाठी. सर असलं काही म्हणाले नाहीत.

‘आधी सांगितलं असतं,’ सर म्हणाले, ‘तं तुले तुही आई जास्त दिवस भेटली असती.’ तेवढ्यावर ते थांबले. मुलगा वाट बघत होता. मीही. ‘भेटली त्याच्यापेक्षा,’ असं म्हणून सरांनी तोंड हातांनी झाकलं, आणि मुलानं बॅग तशीच टाकून त्यांना धरलं.